गुरुनाथांचे पुढचे दोन दात

चंडीगडात हवालदार गुरुनाथ पाटोळ्यांचं कुणाशीच पटत नाही, असं त्यांचा मुलगा अंबरीश सांगतो. ते तितकंसं खरं नाही. पटत नाही म्हणायला आधी बोलणं व्हावं लागतं. चंडीगडला लागून असलेल्या मोहालीत मुलाच्या सोसायटीत कुणी नमस्कार केला, तर ते त्याच्याकडे हद्द ओलांडून आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात. नातू हिंदीत उत्तरं देतो म्हणून त्याच्याशी त्यांनी अबोला धरला आहे. नातवाच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.

त्यांना बरी वाटणारी गोष्ट एकच, बिगुल. पलटणीत ते बिगुलर होते, निवृत्तीनंतर इथल्या एका शाळेत, शाळेच्याच बिगुलावर, तेच शिकवत. बिगुल फुंकताना ओठाला पुढच्या दातांचा आधार लागतो आणि वरचे दोन्ही हिवाळ्यापासून हलत होते. दात गेले की बिगुल गेला आणि बिगुल गेला की दिवसभर सुनेसमोर सोफ्यावर बसायचं. त्यापेक्षा त्यांना सियाचीन परवडलं असतं.

माजी सैनिकांच्या दवाखान्यात दातांची खुर्ची एकच. डॉक्टर ऋजुता पुण्याच्या. नवरा हवाई दलात, त्याची बदली होईपर्यंत इथं. गर्दी पाहून त्यांनी नियम केला होता, ज्याचं दुखतंय तो आधी.

"दुखतं का, काका?"

"मी तुमचा काका न्हाई. आन् दुखत न्हाई."

"मग पुढच्या आठवड्यात या."

असं हिवाळाभर चाललं. बाकावरच्या बायका दुखतं म्हणून आत जात, पुरुष "ठीक है जी" म्हणून घरी जात.

याला कारण होतं. पलटणीत रोज सकाळी आजाऱ्यांना बोलावणारा बिगुल गुरुनाथच वाजवत. तो ऐकून जे येत त्यांना सगळी पलटण कामचोर म्हणे, त्यातही गुरुनाथांचा आवाज वरचा. शिवाय दुखणं कागदावर आलं की बढती अडकायची. डॉक्टरसमोर दुखत नाही म्हणणं हा त्यांच्या लेखी खोटेपणा नव्हता, शिस्त होती.

मग एका सोमवारी शाळेच्या मैदानावर बिगुलातून नुसती हवा आली. पोरं हसली. गुरुनाथ तडक दवाखान्यात गेले. बाकावर सांगलीचे सुभेदार गोपीनाथ शिंदे बसले होते, एक गाल टम्म फुगलेला.

"काय हवालदार, परत आलास? खुर्चीशी लगीन लागलंय का?"

"तुमचा गाल बघा, सुभेदारसाब. आत लाडू ठेवलाय का?"

"तब्येत सुधारलीय माझी."

ऋजुता दारात आल्या. "दुखतं का?"

"दुखतंय!" गुरुनाथ उठून ओरडले. "हिवाळ्यापासनं दुखतंय! झोप न्हाई! झालं समाधान?"

बाकावर कुणी कुणाकडे बघेना.

"मग सांगत का नव्हतात?"

"डॉक्टर तुम्ही का मी?"

आत गेल्यावर ऋजुतांनी दात हलवून पाहिले. "हिरडी पार गेलीय. तेव्हा बोलला असतात तर कदाचित वाचले असते. आता काढायचे. नकली बसवू, जेवता येईल."

"बिगुल?"

"विसरा."

"शिट्टी?"

"तीही विसरा."

"इंजेक्शन नको."

"मी विचारलंय का? तोंड उघडा."

तोंडात कापूस घेऊन गुरुनाथ बाहेर आले, बाकासमोर उभे राहिले आणि कापूस हातात काढून घेतला.

"दुखता है तो बोलो! शर्म किस बात की? पेन्शन थोडी कटेगी!" आणि गोपीनाथांकडे वळून, "तुम्ही पण, साब. माझा तर बिगुल गेला, आता मिशी तेवढी राहिली."

"हवालदार सुभेदाराला हुकूम सोडणार?"

"मग ऱ्हावा तसंच."

गोपीनाथांनी हात वर केला, तोही इकडेतिकडे बघून. मग शेजारच्या सरदारजींनी. मग बाकच्या बाक.

"आता सगळ्यांचंच दुखायला लागलं?" ऋजुता करवादल्या. "माझ्याकडे खुर्ची एक आहे!"

"मग दुसरी मागा. का तुम्हाला पण दुखत न्हाई?"

ऋजुतांनी त्यांच्याकडे भूल दिल्याचा पश्चात्ताप होत असल्यासारखं पाहिलं. मग वरच्या मजल्यावर बसणाऱ्या, दवाखान्याच्या प्रमुख कर्नलसाहेबांना फोन लावला. "सर, दुसरी खुर्ची हवीय... नाही सर, पत्र नाही पाठवत. तुम्ही खाली या आणि या लोकांना स्वतःच्या तोंडानं नाही म्हणा."

कर्नल आले की नाही, हे बघायला गुरुनाथ थांबले नाहीत. त्यांना शाळेत बिगुल परत करायचा होता, आणि तोंड बधिर आहे तोवर ते उरकून घ्यावं असं त्यांनी ठरवलं.