दर्भाचा कावळा

कानाची पाळी चिमटीत धरून शेजारचे गुरुजी म्हणायचे, "माझंच काहीतरी चुकलं असणार." बालाजी घाटाजवळच्या आमच्या गल्लीत वीज गेली तरी हेच. "आत्ताच गीझर लावला होता हो मी." आतून त्यांची बायको, आमच्या काकू, ओरडायच्या, "बनारसची बिजली तुमच्या बटणावर नाही चालत." मग ते हसायचे आणि कान सोडायचे.

असा माणूस तुमच्याही शेजारी असेल. आपण त्याला भिडस्त म्हणतो आणि विषय सोडून देतो. मीही तेच केलं.

घाटावर मात्र गुरुजी वेगळे. इथल्या मराठी घरांची दहाव्याची कार्यं तेच करत. पिंडाला कावळा शिवला नाही, की गेलेल्याची काय इच्छा राहिली म्हणून घरचे रडकुंडीला येत. गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावत. "आता कावळेच कुठे राहिलेत? यात राग-बिग काही नसतो. जा, निवांत जेवा." लोक खरोखर हलके होऊन जात.

मग काकू गेल्या. त्यांच्या दहाव्याला ऊन डोक्यावर आलं तरी कावळा फिरकला नाही. शेवटी दुसऱ्या भटजींनी दर्भाचा लावला.

"रागावून गेली ती," गुरुजी म्हणाले. "अस्पतालात न्यायला मी उशीर केला."

लवकर आणलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलं होतं. मी त्याची आठवण दिली. त्यांचंच घाटावरचं बोलणं त्यांना ऐकवलं.

"ते लोकांना सांगायचं असतं," ते म्हणाले.

त्यांनी घाटावर जाणं सोडलं. आमच्या घरून जाणारा डबा भरलेला परत येऊ लागला. मी त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. हे डिप्रेशन आहे, डॉक्टर म्हणाले, मन प्रत्येक गोष्टीचा दोष स्वतःवरच घेतंय. गुरुजींनी त्यांचा वेळ घेतल्याबद्दल माफी मागितली. गोळ्या सुरू झाल्या, पण जेवण वाढलं नाही. थंडीत न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत सगळं संपलं. मला फार राग आला, कुणाचा ते कळलं नाही.

गुरुजींचं दहावं नागपूरहून आलेल्या त्यांच्या मुलीनं केलं. कावळा आला नाही. भटजी दर्भ वळू लागले.

"ताई, आता कावळेच कुठे राहिलेत," मी म्हणालो. "यात राग नसतो."

तिचा हात कानाकडे गेला. "मी आधी यायला हवं होतं, दादा. माझंच काहीतरी चुकलं असणार."

मी तो हात धरून ठेवला. नागपूरच्या घरात तिच्यावर काकूंसारखं ओरडणारं कुणी आहे का, हे मला विचारायचं होतं.