न जोडलेली पिन

वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो तेव्हा असा मजकूर आला की मी तो पानावर जाऊ देत नसे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... आजही नाही. जे पाहिलं तेवढं लिहितो.

माझी धाकटी बहीण अश्विनी प्रोग्रामर आहे. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने वरून लोखंडी ठोकळा आपटून पत्रा ठोकणाऱ्या जुन्या मशीनचं कंट्रोल बोर्ड नवा प्रोग्राम लिहायला तिच्याकडे सोपवलं. त्यावरचा प्रोसेसर कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीचा. लिहिलेला प्रोग्राम त्याच्या भाषेत उतरवणारा कंपायलर कुठेच मिळत नव्हता. तो तिने स्वतः तयार केला.

अशा कंपायलरची एक परीक्षा असते. त्याने त्या बोर्डावर स्वतःलाच बिल्ड करायचं, म्हणजे स्वतःचाच कोड त्या भाषेत उतरवायचा. त्यातून जो निघेल त्याने पुन्हा स्वतःला. दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या हव्यात. इथे दुसरी किंचित मोठी निघाली. जास्तीचा कोड एकच काम करत होता — बोर्डाच्या एका पिनवर, म्हणजे वायर जोडायच्या टोकावर, सिग्नल येईपर्यंत थांबणं. अश्विनीने असं काही लिहिलंच नव्हतं. त्या पिनला वायरही नव्हती. तिने सगळं पुसून नव्याने बिल्ड केलं. तो कोड परत आला... आणि मशीनच्या प्रोग्राममध्येही उतरला.

"मशीनवरची चाचणी पुढे ढकल," मी म्हणालो.

"दादा, ते लोक सोमवारपासून शिफ्ट लावून राहिले. सिग्नल नाही आला तर मशीन उभी राहील, अजून काय?"

रविवारी सकाळी ऑपरेटर धनराजभाऊंनी पत्रा ठेवून दोन्ही बटणं दाबली — हात बाहेर राहावेत म्हणून प्रत्येक हाताला एक. मशीन ढिम्म.

"काहून वं ताई, रुसली का तुही मशीन?"

"वाट पाहून राहिली, भाऊ."

"कोनाची? नवरदेवाची?"

सगळे हसले. मेन स्विच चालूच होता. बटणं सोडून धनराजभाऊंनी सरकलेला पत्रा नीट करायला हात आत घातला. अश्विनीच्या स्क्रीनवर त्या पिनच्या शून्याचा एक झाला — सिग्नल आला.

"हात काढा!"

हात निघाला. हातमोजा ठोकळ्याखाली राहिला.

सोमवारची शिफ्ट लागली नाही. नंतर आम्ही ठोकळ्याखाली लाकूड ठेवलं, लोखंड ठेवलं, वाळू भरलेला हातमोजा ठेवला. धनराजभाऊंच्या सांगण्यावरून मटणाचा तुकडाही. दरवेळी बटणं दाबली. दरवेळी पिनवर शून्य.

स्पष्टीकरण आमच्याकडे नाही. एकच चाचणी उरली आहे — आणि ती करायला कोणी तयार नाही.