आखाजीपर्यंतचं पथ्य

फोडणी करताना मी अजूनही मागं वळून बघते. मोहरी तडतडली की कुणीतरी चौकटीला खांदा लावून उभं राहिलंय असं वाटतं आणि तोंडातून निघून जातं, "व्हा बाजूला, डोळ्यांत धूर जाईल." तेवढ्यात कढईतला लसूण करपतो. घरात मी एकटी. आमचे हे जाऊन तिसरं वर्ष लागलं, पण स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहायची त्यांची खोड काही गेली नाही.

ती खोड त्यांना माझ्यामुळंच लागली.

हे धुळ्याला कोर्टात कारकून होते. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. बरगडीखाली अशी कळ उठायची की पांघरुणाचं टोक दातांत धरून पडून राहायचे. वैद्याचे काढे झाले, गावातले डॉक्टर झाले, शेवटी मुंबईला नेलं. तिथं पोट फाडून पित्ताची पिशवीच काढून टाकली. संक्रांत नुकतीच झाली होती. निघताना ह्यांना धड उभं राहवत नव्हतं, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी मलाच बाजूला घेतलं. म्हणाले, "तेल-तूप एकदम बंद. तीन महिन्यांनी आणून दाखवा, मग पुढचं सांगतो." मी बोटं मोजली. तीन महिन्यांनी आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, येत होती.

घरी आल्यावर ज्वारीच्या कण्यांची पेज, मुगाचं पाणी, उकडलेला दुधी, ताकाची निवळ. तरीही जेवण उरकलं की ह्यांना तांब्या घेऊन पळावं लागायचं. जेवायचीच भीती बसली होती माणसाला. मीच समजूत घालायची, होईल हळूहळू.

माघात माझ्या माहेरी, फैजपूरला गेलो. भरिताचे दिवस. शेतात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजलेली, लाकडी बडगीत ठेचून वर शेंगदाण्यांची, कांद्याच्या पातीची फोडणी, तेल असं की भाकरी बुडावी. ह्यांना मी घरी पेजेजवळ बसवून गेले होते. हे मागच्या वाटेनं शेतात आले आणि गड्यांच्या पंगतीत बसून पोटभर जेवले. दुपारी बाजेवर गडबडा लोळले. जुलाब थांबेनात, अंग गार पडलं. माझा भाऊ बैलगाडी जुंपायला धावला. मी ह्यांचे पाय चोळत होते आणि मनात म्हणत होते, ह्यातून उठा फक्त, पुन्हा तेलाचा थेंब तुमच्या पोटात जाऊ देणार नाही.

हे उठले. मी शब्द पाळला. जळो मेला तो शब्द.

आखाजी आली. ह्यांनी कोट झटकून बाहेर काढला. "मुंबईला जायचं ना? दाखवायला सांगितलंय."

"काय दाखवायचं? चांगले धट्टेकट्टे आहात. पथ्यानं बरं झालंय ते तिथं जाऊन बिघडवायचं का?"

त्यांनी कोट पुन्हा खुंटीला लावला. भांडले नाहीत. भांडले असते तर मी गेले असते, असं मी मागाहून स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण खरं ते खरं. डॉक्टर 'खा' म्हणाले तर काय, ह्याचीच मला धास्ती होती. शिवाय आयुष्यात पहिल्यांदा माझा शब्द त्या घरात चालत होता, आणि तो मला गोड लागत होता.

सात वर्षं चालला. लग्नाच्या पंगतीत तुपाची वाढी घेऊन कुणी आलं की मी बायकांच्या बाजूनं ओरडायची, "ह्यांच्या पानात नको हो." पुढं पुढं तेच पानावर आडवा हात धरायला लागले. तांब्या घेऊन पळणंही केव्हाच थांबलं होतं. मी म्हणायची, बघा, पथ्याचा गुण.

फोडणीचा आवाज आला की मात्र हे कुठंही असोत, येऊन दाराशी उभे राहायचे. डोळे मिटून. मी चिडायची. एकदा म्हटलं, लहान मुलासारखं काय हे? ऑफिसात शुद्ध बोलणारा हा माणूस घरात लाडात आला की त्याला आईची बोली आठवायची. म्हणाले, "वास लेवाले बी पथ्य शे का?" वास घ्यायला कसलं पथ्य, म्हणून मी हसले. त्यांच्यासाठी पाण्यात शिजवलेली भाजी वाढली आणि माझी फोडणीची मी नंतर खाल्ली.

गेले ते पोटानं नाही. मुदतीच्या तापानं गेले. तापात एकदा स्वच्छ शुद्धीवर येऊन म्हणाले, "मांडा कर. वर तूप घाल." मी म्हटलं, "आधी बरे व्हा." आणि तोंडाला पेज लावली.

आखाजीला आमच्याकडं गेलेल्या माणसांना जेवू घालतात. पाण्यानं भरलेली घागर पुजायची, खापरावरचे मांडे, आंब्याचा रस, आणि चुलीतले निखारे पुढं ओढून त्यांच्यावर पितरांच्या नावानं तुपात भिजवलेला घास टाकायचा. तुपानं जाळ उठला की ते जेवले. हे काम घरातल्या पुरुषाचं. मला मूलबाळ नाही, मीच करते, लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. सासू-सासऱ्यांच्या घासांवर तूप घालायची. ह्यांचा घास कोरडा टाकायची, कोरडा मांडा आणि मुगाचं वरण. त्यांना सोसत नाही ना. दोन आखाज्या तो घास निखाऱ्यावर नुसता धुमसत राहिला आणि घरभर धूर झाला.

गेल्या दिवाळीत माझ्या भावजयीला तीच कळ, तेच ऑपरेशन. ह्या वेळी जळगावातच झालं. सोबतीला मी होते. घरी सोडताना तिथला तरुण डॉक्टर तिला म्हणाला, "दोन-अडीच महिने जपा, मग हळूहळू सगळं खायला लागा."

मी म्हटलं, "तेल-तूप जन्माचं बंद ना?"

"कुणी सांगितलं? पहिले काही दिवस सोसत नाही, पुढं शरीर आपलं आपण जुळवून घेतं. बहुतेकांना काही होत नाही. तुमच्याकडं कुणाला झालं होतं का?"

मी म्हटलं, नाही.

माघात पुन्हा भरीत झालं, त्याच शेतात. भावजय महिनाभरापासून थोडं थोडं तेल खाऊन बघत होती. त्या दिवशी तिनं भाकरी कुस्करून पानभर भरीत खाल्लं. मी माझ्या पानाला हात लावला नाही, तिच्या तोंडाकडं बघत बसले. पुढं सबंध दुपार तिच्यामागं फिरले. कसं वाटतंय गं? कुठं दुखतंय? ती म्हणाली, "अक्का, काही नाही हो, चांगली आहे मी." ती बाजेवर पडून घोरायला लागली. मी शेजारी बसून वाट बघत होते. लाज वाटते लिहायला, पण तिचं पोट दुखावं म्हणून वाट बघत होते. एकदा दुखलं असतं तर मी सुटले असते.

दुखलं नाही.

ह्या आखाजीला मी पहाटे उठून मांडे केले. भाजीला तेल सढळ हातानं घातलं. सासू-सासऱ्यांचे घास झाले. मग ह्यांच्या नावानं मांड्याचा मोठा तुकडा तोडला, रसात बुडवला, निखाऱ्यावर ठेवला आणि तुपाची वाटी वर तिरकी केली. जाळ असा उठला की माझ्या पदराला धग लागली. तोच मागं, चौकटीपाशी, तेच उभं राहणं. मी वळले नाही. पण सात वर्षांची जीभ माझी, ती कुठली राहतेय गप्प? तिनं म्हटलंच,

"पुरे हो आता. पोटात दुखेल."

आणि वाटी हातात तशीच राहिली. जाळ बसला. निम्मं तूप उरलं होतं. ते ओतायला माझा हात पुढं होईना.