वाळ्याची ताटी लावलेली गाडी

नागपूरच्या मे महिन्याशी समोरासमोर भांडण मांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. सगळं शहर दुपारी दारं लावून कूलरपुढे आडवं झालेलं असताना मामा काळा कोट चढवून इतवारीत सुपारी आणायला निघत. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवणं त्यांना शरणागती वाटे. "कांदा भाजीत टाकाचा असते जावईबापू, खिशात नाही," असं म्हणून ते माझ्या फुगलेल्या खिशाकडे अशा नजरेने पाहत, की तो कांदा मी त्यांच्याच घरून चोरलाय असं मला वाटू लागे. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला कोणी दिसला की त्याला थांबवून विचारत, "काहून गा, दात दुखून राह्यला का?" घरी कूलर होता, पण त्याचं तोंड मामींच्या खाटेकडे. मामा त्याच्या वाऱ्यातून खुर्ची बाजूला ओढून कढत चहा पीत.

या शूर पुरुषाची एकच दुखरी जागा होती: त्यांची जुनी विलायती गाडी. थंड देशात जन्मलेली ती बाई एप्रिल लागला की उकळू लागे. धावत असली तर ठीक. पण कुठे थांबली की इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा तिचा पंखा पेंगायचा आणि बॉनेटमधून वाफ निघायची. तिच्यापायी आम्ही कित्येक लग्नांना थेट पंगतीतच पोचलो होतो. शेवटी धाकट्या भाचीचं, म्हणजे माझ्या मेव्हणीचं, लग्न कामठीला ठरलं. मुहूर्त मे महिन्यातला, भर दुपारचा. आणि मुलीला बोहल्यावर आणायचं ते मामाने. मामींनी निकाल देऊन टाकला, "वाटेत एकदा बी उकळली, तर लग्न आटोपलं की कबाडीवाल्याले देऊन टाकाची. मी त्याले सांगून ठेवलं आहे."

"मंजूर!" मामा कडाडले. "सूर्याले बी पाहतो अन् तुले बी पाहतो!"

कामठीच्या लष्करी भंगारातून त्यांनी बॅटरीवर चालणारा एक पंखा पैदा केला. इंजिन पेंगलं तरी हा जागा राहणार. जुना पंखा काढून रेडिएटरच्या मागे हा बसवला. दुसरा कोणी एवढ्यावर थांबला असता, पण मामा पडले नागपूरचे. स्वतःसाठी जन्मात ओलं फडकं न वापरलेल्या त्या माणसाने गाडीच्या नाकापुढे वाळ्याची ताटी बांधली आणि तिच्यावर पाणी ठिबकत ठेवायला डबा टांगला. "पुढून वाळा, मागून पंखा. कूलर म्हणजे अजून काय असते?" तारा जोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी एकदा सासऱ्यांच्या दारावरची घंटी दुरुस्त केली होती आणि सासुरवाडीत तेवढ्यावर माणूस इलेक्ट्रिशियन ठरतो. त्यानंतर ती घंटी बटण सोडल्यावरच वाजायची, याकडे सगळ्यांनी प्रेमाने कानाडोळा केला होता.

"फिरून राह्यला का?" मामांनी विचारलं.

"गरगर!" मी म्हणालो. कोणत्या बाजूला, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी पाहिलं नाही.

लग्नाच्या दिवशी कामठीच्या रस्त्याला लागलो तसा तापमानाचा काटाही आमच्याबरोबर निघाला. पुढे रेल्वेचं फाटक बंद. गाडीपुढे उभा असलेला एक सायकलवाला मागे वळून म्हणाला, "काका, वास तर मस्त येऊन राह्यला, पण हवा गरम काहून?" काटा लाल रेघेला टेकला. मामांनी कोटाचं वरचं बटण लावलं आणि गाडीला दम दिला, "उकळून तर दाखव!"

मामी विजयी मुद्रेने उतरून गाडीच्या नाकापुढे जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांचा पदर भर्रकन समोर, फाटकाकडे उडाला. त्यांनी उडत्या पदराकडे पाहिलं, मग ताटीकडे. नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी पैज त्यांची होती. बॉनेटच्या फटीतून वाफेचा पहिला धागा निघत होता. काचेआड मामा ताठ बसले होते. कपाळावरून ओघळणारा घाम मात्र पुसत नव्हते.

"अवो," मामी ओरडल्या, "आपला कूलर हवा ओढते की फेकते? हा तर इंजिनाची गरमी वाळ्यावर फेकून राह्यला!"

मामांनी सावकाश माझ्याकडे मान वळवली. "जावईबापू, ते घंटी तुमीच दुरुस्त केली होती नं?"

मी बॉनेट उघडून, बोटं भाजून घेत, दोन्ही तारांची अदलाबदल केली. पंखा उलटा फिरला आणि मामींचा पदर सपकन येऊन ओल्या ताटीला चिकटला. काटा जरा अडला, कुरकुरला आणि उतरू लागला. फाटक उघडलं. "मुलीच्या मामांना बोलवा" अशी भटजींची हाक उठली तेव्हा काळ्या कोटातले मामा मांडवात शिरत होते, आणि त्यांच्या अंगाला वाळ्याचा वास येत होता.

"कबाडीवाल्याले काय सांगू आता?" मामींनी हळूच विचारलं.

"सांग, सूर्य हरला म्हणून!"

आता मामा नाहीत. गाडी अंगणात निंबाखाली उभी आहे. कबाडीवाला अजून अधूनमधून चौकशी करतो आणि मामी त्याला फाटकातूनच वाटेला लावतात, "भंगार नाही गा, गाडी आहे ते." मे लागला की त्या नवी ताटी बांधतात, पाणी मारतात आणि मला बॅटरी घेऊन बोलावतात. मी तारा जोडतो. माझ्यावर त्यांचा अजून भरवसा नाही. त्या स्वतः पुढे जाऊन उभ्या राहतात. पदर आत ओढला जातो, ताटीला चिकटतो. पंखा बराबर फिरतोय हे तेवढ्याने कळतं खरं, पण मामी पदर सोडवायची घाई करत नाहीत, आणि मीही पंखा बंद करत नाही.