बॉयलर गरम, घर गार

रविवार, १३ जानेवारी २००८. बॉयलरची राख काढणे.

राख सकाळीच काढून झाली होती. जाळी खरवडली, धुराड्याच्या तोंडाशी ब्रश फिरवला, झाकण लावलं, बटण दाबलं. आग पेटली. जेवणाच्या सुमारास शेडमधून पुन्हा तोच किरकिरा भोंगा ऐकू आला. शुक्रवारी वाजला होता, शनिवारी वाजला होता, आणि आता आज.

आम्ही तेव्हा जपानात, नागानोच्या डोंगरात राहत होतो. नवऱ्याची कंपनी तिथल्या एका कारखान्याचं सॉफ्टवेअर बदलत होती, म्हणून टोकियोजवळचा, ग्योतोकुचा फ्लॅट सोडून हे घर भाड्यानं घेतलं. घरमालक हौशी माणूस. त्यानं परदेशातून बॉयलर मागवून शेडमध्ये स्वतः बसवला होता आणि मग म्हातारपणी मुलीकडे राहायला गेला. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या या बॉयलरमध्ये आपोआप पडत आणि जळत. एक पंप तापलेलं पाणी शेजारच्या उंच टाकीत नेई. दुसरा पंप टाकीतलं पाणी खोल्यांतल्या रेडिएटरांमधून फिरवी. अंघोळीचं पाणीही त्या टाकीच्याच उष्णतेवर तापे. बॉयलर दिवसा जळे, रात्री घर टाकीतल्या उष्णतेवर गरम राही. दोन हिवाळे मी हे यंत्र चालवलं होतं. गोणी ओतायची, राख काढायची, एवढंच काम.

आता मात्र घरात सासूबाई होत्या. सासरे गेल्यावर पुण्यात त्या एकट्या पडल्या, म्हणून नवरा त्यांना घेऊन आला. त्यांना दमा. धाकट्या दिरानं फोनवर कडाडून विरोध केला होता, "बर्फात नेताय तिला? काही झालं म्हणजे?" मीच फोन हातात घेऊन सांगितलं होतं की पुण्याच्या घरात थंडी वाजते तेवढीही इथे वाजत नाही, घर चोवीस तास गरम असतं. आणि आता त्या दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून अंथरुणात बसल्या होत्या. श्वास घेताना छातीतून बारीक शिटीसारखा आवाज येत होता. केरोसीनचा हीटर लावायची सोय नव्हती. त्याच्या वासानं धाप वाढायची. विजेचा एक छोटा हीटर त्यांच्या पायाशी ठेवला होता, पण त्यानं फक्त पायच गरम होत होते.

बाहेर तापमान शून्याच्या खाली होतं आणि बर्फ पडत होता. दुरुस्तीवाल्यांच्या फोनवर रेकॉर्ड केलेली बाई मोठ्या अदबीनं सांगत होती की सोमवारची सुट्टी धरून कार्यालय बंद आहे. घरमालक फोन उचलत नव्हता. नवरा शुक्रवारी पहाटे टोकियोला गेला होता, कारण त्याच सुट्टीत तिथल्या ऑफिसात नवी सिस्टीम सुरू करायची होती.

त्याला फोन लावला.

"एकदा पूर्ण बंद करून परत चालू करून बघ," तो म्हणाला.

"तीनदा केलं. हा तुझा सर्व्हर नाही."

"एरर काय दाखवतोय?"

"पाणी प्रमाणाबाहेर तापलंय म्हणतो."

"मग बरंच आहे की. गरमच हवंय ना आपल्याला?"

"बॉयलर उकळतोय आणि टाकी गार आहे. घरही गार आहे. आईंची छाती वाजतेय."

तो म्हणाला, "अंधार पडायच्या आत नाही झालं तर स्टेशनजवळच्या हॉटेलात घेऊन जा तिला."

हे मलाही सुचलं होतं. पण बर्फात टॅक्सी मिळाली तरी दारापासून रस्त्यापर्यंत त्यांना त्या हवेतून चालवावं लागणार होतं. आणि घर रिकामं सोडलं तर रात्रीत रेडिएटर गोठून फुटणार होते. तरी मी त्यांची बॅग भरून दाराशी ठेवली, दम्याचा फवारा वरच्या कप्प्यात.

मग शेडमध्ये गेले. शुक्रवारी मला वाटलं होतं राख साचली. राख काढली, संध्याकाळी घर गरम झालं, मी खूश. शनिवारी वाटलं कांड्या दमट आहेत. नवी गोणी ओतली, संध्याकाळी पुन्हा सगळं सुरळीत. दरवेळी माझा इलाज लागू पडला असं वाटे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा वाजे. धड बिघडत नाही आणि धड चालतही नाही, अशा यंत्राची मला जास्त भीती वाटते.

माहितीपुस्तिका जाडजूड होती. अक्षरं मला निम्मी लागत, पण चित्रं चांगली होती. मी भुसा आणि राख सोडून पाण्याच्या वाटेवर आले. हातमोजा काढून बॉयलरमधून निघणाऱ्या नळीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. वीतभर पुढे पंप. पंपाच्या पलीकडे नळी गार. म्हणजे पाणी पंपापर्यंत येऊन थांबत होतं. नळीत हवा अडकली असेल म्हणून वरची छोटी चावी किल्लीनं सोडली. फुस्स न होता सरळ पाणीच आलं. हवा नव्हती.

लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक दुसऱ्या पंपावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. घरघर स्पष्ट ऐकू आली. मग टोक या पंपावर टेकवलं. काहीच नाही.

पंप जळला असेल तर सगळंच संपलं. सुट्टीत पंप कोण देणार? हॉटेलचा विचार पक्का करून मी उठणार, तेवढ्यात पंपाची वायर दिसली. ती शेडमधल्या विजेच्या पेटीत जात नव्हती. ती भिंतीतून घरात जात होती.

मी आत आले. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघराबाहेरची जागा. तिथे कपडे धुण्याच्या मशीनच्या वर एक पांढरं बटण, त्यात लाल दिवा, आणि खाली जपानीत चिकटवलेली पट्टी: बंद करू नये. बर्फातून शेडपर्यंत जावं लागू नये म्हणून घरमालकानं ते आत बसवलं होतं. दोन वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. दिवा आता विझलेला होता.

बटण दाबलं, दिवा लागला. धावत शेडमध्ये गेले. पंप गुणगुणत होता. पंपाच्या पलीकडच्या नळीवर हात ठेवला तर ती हळूहळू कोमट होत होती. आणि एकदम गुणगुण थांबली.

पुन्हा आत धावले. न्हाणीघराबाहेर सासूबाई शाल सावरत उभ्या होत्या. लाल दिवा विझला होता.

"अगं, गीझर चालू ठेवून कुठे निघालीस?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "मी उठून बंद केला. पुण्यात समोरच्यांचा असाच चालू राहिला नि टाकी फुटून छत खाली आलं. तुम्हाला आजकाल कशाचं भानच नसतं."

"आई, तुम्ही हे रोज बंद करता?"

"मग कोण करणार? पहाटे अंघोळीआधी लावते, तुझी अंघोळ झाली की बंद. तिन्हीसांजेला हातपाय धुवायला लावते, भांडी झाली की बंद. तुझा नवरा घरी होता तोवर तोच मला पाणी काढून द्यायचा, आता मीच बघते."

म्हणून संध्याकाळी घर तापत होतं. माझ्या राखेचा आणि गोणीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मी बटण दाबलं आणि त्यावर हात ठेवूनच त्यांना सांगितलं की हा गीझर नाही. याच्यावर पंप चालतो, पंपावर टाकी तापते, टाकीवर हे सगळं घर तापतं. हे बंद केलं की बाहेर बॉयलर उकळतो आणि तुम्ही आत कुडकुडता.

त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग बटण ठेवलंच कशाला? बंदच करायचं नसेल तर?"

"घरमालकानं ठेवलंय."

"त्याला सांग, शहाणपणा नाही हा."

बॉयलर निवेपर्यंत थांबून भोंग्यानंतर आग पुन्हा सुरू करायचं, काळ्या टोपीखालचं बटण दाबलं आणि पुन्हा पेटवला. एवढी मोठी टाकी काही मिनिटांत तापत नाही. मी टाकीवरचा काटा आणि सासूबाईंचा श्वास, यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत राहिले. काटा हलता हलत नव्हता. त्यांना फवारा दिला, आल्याचा चहा दिला, बॅग दाराशीच राहू दिली. नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "थांब, अजून काही सांगता येत नाही." अंधार पडू लागला तेव्हा त्यांच्या खोलीतला रेडिएटर वरच्या कडेला कोमट लागला. मग मधेही. त्यांनी कानटोपी काढली. शिटी वाजत होती, पण वाक्यं आता सलग येत होती. जेवताना त्यांनी मला आमटीत गूळ कमी पडल्याचं सांगितलं, तेव्हा मी बॅग उचलून आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या आधी उठले. दाराशी उभी राहून त्यांचा श्वास ऐकला. शिटी होती, पण कालच्यासारखी नव्हती. रेडिएटर गरम होता. मग स्वयंपाकघरातून प्लॅस्टिकच्या डब्याचं एक झाकण घेतलं, ते लाल दिव्याच्या बटणावर उपडं धरलं आणि कडेनं चिकटपट्टी लावू लागले.

सासूबाई टॉवेल घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. "माझ्यावर विश्वास नाही का?"

"हाताची सवय आहे तुमची," मी म्हटलं, चौथी बाजूही चिकटवली आणि त्यांच्या अंघोळीचं पाणी सोडलं.