कडीकाकांचं सरकार वाचलं

कडीकाकांचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं. देशाच्या सभागृहाच्या मोठ्या दारावर त्यांनी उभी हयात काढली, तीही खरोखरच उभ्यानं. मतदानाची घंटा सुरू झाली की कॅन्टीनमधले सभासद हातातला चहा तसाच टाकून धावत सुटायचे. घंटा थांबली की काका दाराची कडी घालायचे. मग बाहेर खुद्द पंतप्रधान का उभे असेनात, मतदान होईपर्यंत आत पाऊल टाकायची कुणाची बिशाद नव्हती.

या कामात एक रीत होती. ती कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती, एका दरवानानं दुसऱ्याला सांगत आणलेली होती. कडी घालण्याआधी डोकं बाहेर काढून व्हरांड्यात दोन्हीकडे बघायचं. कुणी धापा टाकत येताना दिसला म्हणून थांबायचं नाही; पण ज्याला बाहेर ठेवायचं, त्याच्या तोंडाकडे बघून ठेवायचं. न बघता कडी घालणं ही चोरी, असं काकांच्या आधीच्या म्हाताऱ्यानं त्यांना बजावलं होतं, आणि काकांनी तेच पुढे आपल्या मुलाला बजावलं. कारण काका निवृत्त झाल्यावर त्या दारावर त्यांचाच मुलगा लागला. त्या दिवशी काकांची छाती अशी काही फुगली, की काकूंना शर्टाची बटणं घट्ट करून द्यावी लागली.

काका पक्के जुन्या वळणाचे, आणि त्यांचं मत कायम जुन्या पक्षाला. जे चालत आलंय ते उगाच मोडू नये, कारण मोडायला एक दुपार पुरते आणि उभं करायला पिढ्या जातात, एवढंच त्यांचं राजकारण. शेजारचे मास्तर अगदी उलट. मास्तरांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट मुळापासून बदलायला हवी होती, फक्त काकूंच्या चहाची चव सोडून. रोज संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून एकमेकांची सालटी काढायचे. "तुमचे लोक आले की देश बुडालाच समजा," असं काका ओरडायचे. "बुडवायला तुमच्यांनी काही शिल्लक ठेवलंय का?" असं मास्तर ओरडायचे. मग दोघं चहा प्यायचे.

मग एक दिवस सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. सरकार जुन्या पक्षाचं, आणि काठावरचं. काका सकाळपासून टीव्हीसमोर बसून होते. घंटा वाजली, थांबली, दार लागलं, मतं मोजली गेली आणि सरकार वाचलं. काकांनी टाळ्या पिटल्या. "अगं, वाचलं! वाचलं!" असं ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलेसुद्धा.

आणि मग त्यांना तो आवाज ऐकू आला. दारावर बाहेरून विरोधी सभासदांचे तळहात आपटत होते. एक-दोन नाही, खूप.

काकांच्या टाळ्या थांबल्या. इतकी वर्षं घंटेच्या शेवटाशेवटाला त्यांचे पाय आपोआप दाराकडे वळत आले होते. आज घंटा थांबली तेव्हा पाय अजून वळलेच नव्हते. घंटा मध्येच तोडली होती. टीव्हीवर तोच तुकडा पुन्हा दाखवला, तेव्हा मुलगाही दिसला. तो मान खाली घालून दार ओढत होता. त्यानं बाहेर बघितलं नाही. कडी घातली आणि कपाळ पुसलं.

त्या दिवसापासून काकांचं काहीतरी बिनसलं. घरातलं कुठलंही दार लावायचं म्हटलं की पलीकडून तळहात ऐकू यायचे. ते दारं उघडीच टाकू लागले. कपाटाचं, खोलीचं, एवढंच काय, न्हाणीघराचंसुद्धा. "अहो, या वयात लाज सोडलीत की काय? कडी लावा आधी!" असं काकू करवादल्या. काका ओल्या अंगानं तसेच उभे राहिले. त्यांचा हात कडीपर्यंत जाईना.

पेपरात जुन्या पक्षाचा प्रवक्ता म्हणाला होता, ज्यांना वेळेवर येता येत नाही त्यांनी पळायचा सराव करावा. दुसरं काही असतं तर काका खो खो हसले असते आणि मास्तरांना वाचून दाखवलं असतं. आता त्यांनी पेपर घडी करून ठेवला. उद्या ते बाहेर राहिलेले लोक निवडून आले, तर आपल्यांनाही असंच बाहेर ठेवतील, आणि आपण कुठल्या तोंडानं ओरडायचं? त्याहून वाईट विचार त्याच्या मागोमाग आला. ज्यांच्या हाती घंटा आहे, ते निवडून येण्याची पाळी दुसऱ्या कुणाची येऊच कशाला देतील?

मास्तर चार-पाच संध्याकाळी फिरकले नाहीत. शेवटी काकाच जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आले. मास्तर बसले. हवापाण्याचं बोलले, गुडघ्यांचं बोलले.

"मास्तर, बोला की," काका म्हणाले. "घाला सरकारला शिव्या. मी आज ऐकून घेतो."

"नको हो. कशाला?"

"कशाला म्हणजे?"

मास्तरांनी रस्त्याकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "तुमचा मुलगा तिथे असतो. उगाच कुठे नाव जायचं."

"अहो, मी तुमचं नाव सांगेन?"

"तुम्ही नाही हो," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "तुमचं कोण बोलतंय?" आणि अर्धा चहा ठेवून ते उठले. काका त्या कपाकडे बघत बसले. भांडायला येणारा माणूस घाबरून निघून गेला होता, आणि तो त्यांनाच घाबरला होता.

रविवारी मुलगा आला. येतानाच बढतीची बातमी घेऊन आला; आता सगळ्या दारांवर त्याची देखरेख असणार होती. काकूंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. काका म्हणाले, "घंटा पुरी झाली होती?"

मुलगा खुर्चीत बसला. मग म्हणाला, "आमच्या साहेबांनी खूण केली."

"बाहेर बघितलंस?"

"नाही."

"का?"

"बघितलं असतं तर कडी घालता आली नसती, बाबा."

"मग घालायची नव्हती."

"आणि सरकार पडू द्यायचं? ते लोक आले की देश बुडाला, हे मी चालायला लागलो तेव्हापासून तुमच्याच तोंडून ऐकतोय. मला खरं वाटायचं. अजूनही वाटतं."

ओट्यावरची ती भांडणं आत बसलेलं पोर ऐकत होतं, हे काकांच्या कधी मनातही आलं नव्हतं. बापानं दोन गोष्टी शिकवल्या होत्या, आणि दोन्ही एकदम पाळता येत नाहीत अशी वेळ आल्यावर पोरानं त्यातली एक उचलली होती.

मुलानं खुर्ची जवळ ओढली. चौकशी समिती नेमली होती. जुना दरवान म्हणून काकांनी तिच्यापुढे दोन शब्द बोलावेत, दार रीतीप्रमाणेच लागलं असं म्हणावं, अशी साहेबांची इच्छा होती. लोकांचा कडीकाकांवर विश्वास होता ना.

काकांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं. याची नोकरी जाईल. कदाचित तुरुंग. नातवाच्या शाळेत पोरं काय बोलतील. हा पुन्हा या घराची पायरी चढणार नाही. हे सगळं त्यांनी मनाशी नीट मांडलं आणि म्हणाले, "येईन. आणि घंटा तोडली होती, हे सांगेन."

त्यांना वाटलं, आता पोर भडकेल किंवा रडेल. दोन्हींची त्यांनी तयारी ठेवली होती. पण मुलानं मायेनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सांगा ना, बाबा. तुमच्या मनाला बरं वाटत असेल तर खुशाल सांगा. अहवालात ते येणारच नाही. मला काही होणार नाही, तुम्ही घाबरू नका." तो त्यांची समजूत काढत होता. "समितीवर सगळे आपलेच आहेत."

काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. काकांनी पोराचा हात गुडघ्यावरून बाजूला केला नाही. करावासा वाटला, पण करायची भीती वाटली.