एका हातातली पाटली

आईच्या हातात पाटल्या होत्या तोवर त्यांच्या आवाजाकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. परातीत भाकरी थापताना त्या काचेच्या बांगड्यांवर आपटत आणि बारीक टणटण होई. ती ऐकू आली की शाळेचे बूट शोधायची वेळ झाली, एवढंच मला कळत असे. पुढे दोन वर्षं घरात नुसत्या काचेच्या बांगड्या वाजल्या, तेव्हा काय गेलं ते कानांना समजलं.

पाटल्या कोल्हापूरच्या गुजरीत, सराफपेठेत, एका सराफाकडे गहाण पडल्या होत्या. आबा, म्हणजे माझे वडील, दरबारच्या कचेरीत कारकून होते. तिथे नोकराच्या मुलीचं लग्न निघालं की काही रक्कम उचल म्हणून मिळे आणि ती पगारातून हळूहळू कापून घेत. त्याच भरवशावर आबांनी माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरवलं. पत्रिका छापून झाल्या आणि संस्थान विलीन झालं. कचेरी तीच, खुर्च्या त्याच, पण नवे साहेब म्हणाले, असा काही नियम आमच्याकडे नाही. आबा त्या दिवशी सायकल हातात धरून चालत घरी आले होते. आईने काही न विचारता पाटल्या उतरवल्या आणि रुमालात बांधून दिल्या. सराफाने त्यांच्यावर चारशे रुपये दिले. महिन्याला व्याज सहा रुपये.

लग्न झालं, बहीण सांगलीला गेली आणि घरखर्चाचा हिशेब माझ्याकडे आला. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. मला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट आबांचा. तिथे आम्हाला घरखर्चाची वही कशी आखायची ते शिकवत: डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली लाल शाईची दुहेरी रेघ. त्या रेघांचंच आबांना फार कौतुक. "हिच्याकडं दे वही," ते आईला म्हणाले, "ही बोलत नाही, पण हिचा आकडा चुकत नाही."

बोलत नाही हे खरं होतं. शाळेत माझं इंग्रजी घाबरत बाहेर पडे आणि घरी मराठी. सुट्टीत आत्याच्या गावी, कुरुंदवाडला गेलं की तिथली भावंडं मला मडमीण म्हणत. मी गप्प बसून सगळ्यांकडे बघत राही. वहीचं काम मला आवडलं, कारण वहीशी बोलावं लागत नाही.

आज ती वही उघडली की त्यातले आणे आणि पै बघून गंमत वाटते. आता नवे पैसे आले, सोळा आण्यांचा हिशेब धाकट्या मुलांना समजतही नाही. पण त्या पानांत आमचं घर जसंच्या तसं आहे. साखर बंद, चहा गुळाचा. रेशनची तांबडी मिलो ज्वारी, तिच्या भाकरीला कडेने चिरा पडत आणि आई त्या ओल्या बोटाने सांधत बसे. गंगावेशीत समोर म्हैस पिळून मिळणारं दूध शेराचं अर्धा शेर झालं. मी तांब्या घेऊन जाई, तर गवळी दरवेळी धार मोजून झाल्यावर वर एक पिळका जास्त मारी आणि दुसरीकडे बघे. तो पिळका मी कधी वहीत लिहिला नाही.

आबांना कुस्तीचा नाद होता. त्यांनी तिकीट काढणं सोडलं. कुस्त्यांच्या दिवशी ते मैदानाच्या भिंतीबाहेर जाऊन उभे राहत आणि आतल्या आरड्याओरड्यावरून कोण पडला ते ओळखत. घरी येऊन आम्हाला सगळी कुस्ती सांगत, डावसुद्धा.

"बघितल्यासारखं सांगताय," आई म्हणे.

"अगं, बघणाऱ्याला एकच कुस्ती दिसते. बाहेरच्याला सगळ्या दिसतात."

असे महिन्याला पाच-सहा रुपये वाचत. ते एका बिस्किटाच्या डब्यात जात आणि व्याजाचे सहा रुपये वेगळे गुजरीत जात. आबांचा विश्वास जुन्या कचेरीतून येणं असलेल्या पगाराच्या बाकीवर होता. ती रक्कम येईल, डब्यातली तिच्यात मिळवू आणि दोन्ही पाटल्या एकदम सोडवून आणू. दर सोमवारी ते म्हणत, "ह्या आठवड्यात कागद हलेल." मी व्याजाची बेरीज वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने करत असे. ती बेरीज वाढत वाढत शंभराच्या पुढे गेली, तेव्हा मला कळलं होतं की डब्यात साठतं तेवढंच व्याजात जातंय. पण आबा सोमवारची वाट बघत होते आणि मी पान मिटून ठेवलं.

खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट आवरत नव्हती: आहेर. कोणाचं बारसं, कोणाची वास्तुशांत, कोणाचं लग्न. ज्याने आपल्याला दिलं त्याला परत द्यायलाच हवं, आणि चार आणे का होईना, वरचढ. आईने त्यावर उपाय काढला होता. बहिणीच्या लग्नात आलेली लुगडी, खण, धोतरं तिने न वापरता ट्रंकेत ठेवली होती आणि ती एकेक करून फिरवायची. सगळीच घरं असं करतात. फक्त ज्याचं त्यालाच परत जायला नको, म्हणून कोणी काय दिलं त्याच्या चिठ्ठ्या लिहून मी प्रत्येक कापडाला टाचणीने लावल्या होत्या.

कोल्हापूरच्या पावसात ट्रंकेतल्या टाचण्यांना गंज चढला. एका खणावर तांबडा ठिपका पडलेला बघून मी घाबरले आणि सगळ्या टाचण्या काढून चिठ्ठ्या नुसत्या घड्यांत सारल्या. श्रावणात ऊन पडल्यावर कापडं वाळत घालायला काढली, तेव्हा दोन चिठ्ठ्या खाली पडल्या. एकीवर 'कागलची मावशी', दुसरीवर 'आत्या'. समोर दोन इरकली लुगडी होती, दोन्ही हिरवी, दोन्हींचे काठ तांबडे. एक हिरवं जरा गडद. मी बराच वेळ उभी राहिले. मग अंदाजाने चिठ्ठ्या ठेवल्या आणि कोणाला काही सांगितलं नाही.

पुढच्या चैत्रात दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. सराफाने आबांना बोलावून घेतलं. माणूस सभ्य होता, आवाज चढवत नसे. "रावसाहेब, मिरगापर्यंत थांबतो," तो म्हणाला. "पुढं मला दोन्ही मोडीत घालाव्या लागतील. मलाही वर द्यायचं असतं." आणि कुरुंदवाडहून आत्याच्या थोरल्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली, वैशाखातली.

आत्या आबांची मोठी बहीण. मुलाच्या लग्नात नवऱ्यामुलाच्या आईला माहेरचं लुगडं भर मांडवात द्यायचं असतं, आणि तिचं माहेर म्हणजे आम्हीच. बरं लुगडं पस्तीस रुपयांच्या खाली येत नव्हतं. डब्यात एकशे बत्तीस रुपये होते.

"डब्याला हात लावायचा न्हाय," आई म्हणाली. "कागलचं इरकल हाय की. वन्संना हिरवा रंग आवडतो."

तिने ट्रंक उघडून मावशीची चिठ्ठी असलेलं लुगडं काढलं. मी शेजारी बसले होते. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. पण सांगितलं की पस्तीस रुपये जाणार, आणि मिरगाला महिना राहिला होता. मी मनात म्हटलं, निम्मी शक्यता तरी बरोबर असण्याची आहे. आईने पदराच्या वरच्या टोकाला हळदकुंकवाचं बोट लावलं, कारण कोरं कापड कोणी कोणाला तसंच देत नाही, आणि घडी तशीच ठेवली.

लग्नाला आई सोन्याचं पाणी दिलेल्या पितळी पाटल्या घालून आली. लांबून कळत नव्हत्या. मांडवात आहेर पुकारणारा माणूस घसा ताणून ओरडत होता: अमक्यांकडून खण-नारळ, तमक्यांकडून पाच रुपये रोख. मग "माहेरचा आहेर, कोल्हापूरकरांकडून, लुगडं-चोळी" असं पुकारलं गेलं आणि आईने ताट आत्याच्या हातात दिलं. आत्याने सगळ्यांना दाखवायला लुगड्याची घडी मोडली. पदर खाली सुटला आणि तिचा हात थांबला.

पदराच्या वरच्या टोकाला आईने लावलेलं ताजं कुंकू होतं. खालच्या टोकाला दुसरं, फिकट, जुनं.

तेव्हा मला आठवलं. बाकी सगळे पदराच्या एका टोकाला कुंकू लावतात. आत्या दोन्ही टोकांना लावते. माझ्या बहिणीच्या लग्नात लावताना ती म्हणाली होती, "एक सासरचं, एक माहेरचं. कुनी रुसाय नगं." जुनं कुंकू तिच्या बोटाचं होतं.

आत्याने पदर बघितला, मग आईचं तोंड बघितलं, मग आईचे हात. क्षणभरच. मग लुगडं खांद्यावर टाकून तिने मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझ्या भावाचं लुगडं हाय. आता हेच नेसून अक्षता टाकणार." आणि आत जाऊन खरोखर ते नेसून आली.

जेवणं उरकल्यावर तिने आईला आणि मला धान्याच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"हे लुगडं मीच दिलंतं की तुला."

आई पोत्याला धरून खाली बसली. "न्हाय वन्सं, हे कागलचं..."

"चिठ्ठी मी बदलली," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "दोन्ही पडल्या होत्या. मला खात्री नव्हती. आईला ठाऊक नाही."

"बोलती व्हय ही मडमीण," आत्या म्हणाली. "मला वाटलं शाळंत जीभ फीमदी घेत्यात." मग ती आईकडे वळली. "पाटल्या कुठायत?"

"सराफाकडं. उजळायला टाकल्यात."

"दोन वर्सं उजळतोय व्हय? सूर्य करायचा हाय काय त्येंचा?"

आई हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग सगळं सांगितलं: चारशे, व्याज, बाकीचा कागद, मृग. आत्या मांडी घालून ऐकत होती, अंगावर तेच हिरवं इरकल.

"व्याज किती गेलं आजवर?" तिने विचारलं.

आईला ते माहीत नव्हतं. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मला वही लागत नव्हती. "एकशे पन्नास," मी म्हणाले. "सव्विसावा महिना आता."

"म्हंजे अर्ध्याहून जास्त पाटली गिळली की त्यानं," आत्या म्हणाली. "आन् तू ह्ये लिवत बसलीस, तोंडानं सांगाय काय झालतं?" मी खाली सांडलेले दाणे वेचू लागले. ती थोडी मऊ झाली. "ऐक गं," ती आईला म्हणाली. "दोन हात हायत म्हनून दोन पाटल्या पायजेतच असं कुठं लिवलंय? एक मोड. डब्यातलं त्यात घाल. देनं मिटीव आन् एक घालून फिर. दोन्ही राखाय जाशील तर दोन्ही जातील."

"लोक काय म्हणतील, वन्सं? एका हातात पाटली."

"लोकांस्नी म्हनावं, दुसरी नणंदेनं खाल्ली."

घरी आल्यावर आईने आबांना सांगितलं.  आबा मला म्हणाले, "वही आण." शेवटचं पान मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उघडलं. त्यांनी पेन्सिलीच्या बेरजेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मी आपला भिंतीबाहेरनं कुस्ती बघत होतो."

मृगाच्या चार दिवस आधी आम्ही तिघं गुजरीत गेलो. सराफाने एक पाटली मोडीत घेतली, दोनशे बहात्तर रुपये आले. डब्यातले एकशे बत्तीस मी मोजून दिले. चार रुपये जास्त झाले, ते त्याने परत माझ्या तळहातावर ठेवले. चालू महिन्याचं व्याज त्याने घेतलं नाही, आईनेही नको म्हटलं नाही. येताना आबांनी त्यातल्या एका रुपयाची साखर घेतली. वहीत खर्चाच्या बाजूला तो रुपया आहे आणि त्याखाली लाल शाईची दुहेरी रेघ. जुन्या कचेरीची बाकी अजून आलेली नाही.

आता मी नोकरी करते. पहिल्या वर्षाचे पैसे साठवून मी आईला म्हटलं, दुसरी करू या, जोडी होईल. तिने माझ्या हातातलं पासबुक घेतलं, उघडून बघितलं आणि मिटून परत दिलं.

"नको. ह्या हाताला हलकं राहायची सवय झालीय."

सकाळी तिच्या उजव्या हातातली पाटली अजून वाजते. पूर्वी दोन्हीकडून आवाज यायचा, आता एका बाजूने टणटण येते आणि दुसऱ्या बाजूने काच. मी दाराशी चपला घालता घालता ऐकते आणि कामाला निघते.